प्लेटमागची शिस्त

नव्या घरात स्विचची प्लेट बसते ती अगदी शेवटी, रंगाचा हात फिरल्यावर. तिच्यामागचा पत्र्याचा डबा मात्र कित्येक महिने आधी भिंतीत गेलेला असतो. साइटवर त्याला मेटल बॉक्स म्हणतात. तीन मॉड्यूलचा, सहाचा, आठचा, बाराचा, अशा मापांत तो मिळतो आणि पुढची वीस-तीस वर्षे घरातली वीज त्याच्यातून फिरते. आपल्या आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, दोन्ही दोन-दोन वर्षांचे. घरात येणारा माणूस यांपैकी काहीही शिकलेला असो, आपल्यासाठी तो वायरमन. त्याचा हात कसा आहे, हे कळायचे असेल तर दिवा लागतो की नाही हे पाहून भागत नाही. दिवा वाईट जोडणीतही लागतो. डबा उघडून पाहावा लागतो.

कामाची सुरुवात स्लॅबपासून होते. सळया बांधून झाल्या की काँक्रीट पडण्याआधी पाइप आणि फॅन बॉक्स टाकायचे असतात. नीटस वायरमन फॅन बॉक्स तारेने सळयांना घट्ट बांधतो, आत कागद किंवा थर्माकोल दाबून भरतो आणि पाइपाच्या प्रत्येक तोंडाला टेप लावतो. एवढे केले नाही तर काँक्रीटचे पाणी पाइपात उतरून घट्ट होते. पुढे वायर ओढायची स्प्रिंग अडकते, मग तयार स्लॅबला छिन्नी लागते किंवा पंख्याची वायर छतावरून उघडी न्यावी लागते.

भिंतीवरची कसोटी आणखी बारीक. लाद्या बसलेल्या नसतात, प्लास्टर झालेले नसते, तरीही डब्याची जागा तेव्हाच ठरवायची असते. म्हणून तयार लादीच्या पातळीवरून एक मीटर उंचीची रेघ सगळ्या खोल्यांत फिरवतात आणि प्रत्येक डब्याची उंची त्या रेघेपासून मोजतात. गवंड्याने प्लास्टरच्या जाडीच्या खुणा केल्या असतील तर त्यांच्याशी डब्याची कड जुळवायची. स्वयंपाकघरात डॅडोच्या टाइलची जाडी त्यात मिळवायची. डबा आत गेला तर प्लेटमागच्या फ्रेमचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर राहिला तर प्लेट भिंतीला टेकत नाही. शेजारी-शेजारी दोन डबे असतील तर काही वायरमन दोन्हींवर एकच सरळ पट्टी धरून पाणसळ लावतात. सिमेंटच्या दाबाने स्क्रूचे कान वाकू नयेत म्हणून काही जण डब्यात फ्रेम तात्पुरती कसून ठेवतात.

डब्याच्या बाजूंना पाइपासाठी गोल चकत्या पाडलेल्या असतात. जेवढे पाइप येणार तेवढ्याच चकत्या काढायच्या. सगळ्याच ठोकून काढल्या तर पावसाळ्यात त्या भोकांतून मुंग्या आत शिरतात आणि मुंग्यांमागे पाल. काढलेल्या भोकाची कड धारदार असते, ती कानशीने घासायची किंवा तिथे बुश लावायचा, नाहीतर वायर ओढताना वरचे आवरण सोलले जाते. डबा धातूचा असल्याने त्याला स्वतःला अर्थिंग हवे. हिरवी वायर फक्त सॉकेटला जोडून पुरत नाही. डब्यातल्या अर्थच्या स्क्रूलाही ती पोचली पाहिजे. घाईत सर्वांत आधी हेच राहून जाते, कारण ते राहिल्याने काहीही बंद पडत नाही.

वायर ओढण्याच्या टप्प्यावर रंगांची शिस्त येते. फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा. नव्वद मीटरचे काळे बंडल संध्याकाळी संपते आणि दुकान बंद झालेले असते. उरलेली लाल वायर न्यूट्रलला वापरण्याचा मोह तेव्हाच होतो. जो वायरमन तेवढे काम उद्यावर टाकतो, तो दहा वर्षांनी हा डबा उघडणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार करत असतो.

डब्यात वायर किती सोडायची, यालाही हिशेब आहे. अमेरिकेच्या वीज नियमांत किमान सहा इंच मोकळी वायर ठेवायला सांगितले आहे. वायर फार आखूड असेल तर टोक जळाल्यावर नवे टोक काढता येत नाही. फार लांब असेल तर ती कोंबावी लागते, प्लेट दाबून बसवली जाते आणि त्या दाबाने जोडण्या ओढल्या जातात. चांगल्या डब्यात वायरी मागच्या बाजूला एकाच दिशेने वळून बसतात आणि स्विचच्या पाठीशी जागा मोकळी राहते.

मग जोडणी. घरगुती दिव्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरीत तांब्याचे बावीस बारीक तंतू असतात. ब्लेडने आवरण सोलताना त्यातले चार-पाच सहज तुटतात आणि तेवढ्या ठिकाणी वायर बारीक होते. म्हणून स्ट्रिपर वापरायचा, टोक पिळायचे, गरज असेल तर दुमडून जाड करायचे, स्क्रू कसायचा आणि वायर एकदा ओढून पाहायची. या शेवटच्या झटक्याला दोन सेकंद लागतात. तो का हवा, हे साध्या गणिताने कळते. उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण भार असताना सैल स्क्रूपाशी ०.१ ओहम एवढाच रोध असला, तरी तिथे २५ वॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटचीच असते. भिंतीतल्या बंद डब्यात, प्लास्टिकला खेटून, ती तासन्‌तास तापत राहिली तर काय होईल, ते गीझरच्या काळवंडलेल्या सॉकेटवर दिसते. जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारी एमसीबी इथे मदतीला येत नाही. तिच्या दृष्टीने प्रवाह मर्यादेतच असतो.

जुन्या घरांत ही शिस्त उघड्यावर होती. सागवानी केसिंग-कॅपिंग किंवा लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या वायरी भिंतीवरूनच जायच्या. त्यांची रेघ सरळ आहे का, कोपऱ्यात वळण कसे घेतले आहे, हे येणारा-जाणारा पाहायचा. लाकडी बोर्डावरच्या सनमायकाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असत आणि हौशी वायरमन त्या चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या एका रेषेत आणून थांबायचा. उभ्या खाचेत धूळ कमी साठते, आणि एखादा स्क्रू नंतर फिरला तर लगेच नजरेस येतो. आता वायरी भिंतीत गेल्या आणि मॉड्युलर प्लेटने स्क्रूही झाकले. कारागिराला लोकांच्या नजरेचा धाक होता, तो संपला. उरली ती त्याची स्वतःची सवय.

ही सवय डीबीत, म्हणजे घराच्या वीज-वितरण पेटीत, सर्वांत स्पष्ट दिसते. प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल जोडीने आणलेली, वायरी काटकोनात वळवून पट्ट्याने बांधलेल्या, एमसीबीखाली नावे लिहिलेली: हॉल, किचन, गीझर, एसी. यात जीवही गुंतलेला आहे. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की आरसीसीबी पडते; शॉकपासून वाचवणारे यंत्र ते हेच. आरसीसीबीच्या पुढची न्यूट्रल कुठल्यातरी डब्यात दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला मिसळली असेल तर आरसीसीबी विनाकारण पडत राहते. घरचे वैतागतात, आणि कुणीतरी ती बायपास करून देतो. एका गचाळ डब्यामुळे सगळ्या घराचे संरक्षण जाते.

याशिवाय प्रत्येकाचे स्वतःचे काही असते. एखादा काढलेले स्क्रू डबीच्या झाकणात ठेवतो, खिशात कधीच नाही. एखादा रंगारी यायच्या आधी उघड्या डब्यांवर पुठ्ठा कापून बसवतो. एखादा प्लास्टरपूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून मालकाला पाठवतो. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठून गेला आहे हे त्यावरून कळते. वायरीचे तुकडे आणि सोललेली आवरणे रोज संध्याकाळी पिशवीत भरणारा वायरमन डब्यातही कचरा सोडत नाही.

आपण या सवयींची किंमत मात्र देत नाही. मजुरी पॉइंटवर ठरते. पाणसळ लावून बसवलेला डबा आणि डोळ्याच्या अंदाजाने बसवलेला डबा, दोन्हींचा भाव सारखा. कसलेल्या स्क्रूला आणि सैल स्क्रूला एकच दर. त्यातून जो लवकर उरकतो तो जास्त कमावतो, आणि नीट काम करणारा स्वतःच्या खिशातून आपली शिस्त सांभाळतो. हे बदलणे घरमालकाच्या हातात आहे. भाव ठरवतानाच सांगावे, की काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंगची तपासणी हवी, इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे, डीबीत सर्किटांचा तक्ता हवा, आणि या सगळ्याचे पैसे वेगळे मिळतील. शेवटचा हप्ता देण्याआधी मेन स्विच बंद करून कुठल्याही दोन प्लेट उघडून दाखवायला सांगावे. ज्याने मन लावून काम केले आहे, तो कुरकुरणार नाही. उलट तिसरी प्लेट स्वतःहून उघडेल, कारण आतले काम पाहायला मागणारा मालक त्याला फार क्वचित भेटलेला असतो.