नागीण डोळ्यावर, औषधाचा भार मूत्रपिंडावर

कपाळाच्या एकाच बाजूला आग होते, फोड येतात, पापणी सुजते. फोड नाकाच्या शेंड्यावरही दिसले तर डोळाही त्यात सापडण्याची शक्यता बरीच वाढते. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दडून असतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की नागीण होऊन उफाळतो. डायलिसिसवरच्या आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना हा धोका अधिक. कपाळावरच्या नागिणीवर उपचार झाले नाहीत तर सुमारे निम्म्या रुग्णांच्या डोळ्याला इजा होते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर सर्वाधिक फायदा होतो. गेरूचा लेप लावून वाट पाहण्यात नेमका हाच वेळ वाया जातो.

औषध उत्तम आहे. गर्ट्रूड एलियन (१९८८च्या नोबेलच्या एक मानकरी) यांच्या प्रयोगशाळेतून आलेले असायक्लोव्हिर विषाणूच्याच एन्झाइममुळे जागे होते, त्यामुळे निरोगी पेशींना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. अडचण पुढे आहे. ते शरीराबाहेर पडते मुख्यतः लघवीवाटे. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर रक्तातले निम्मे औषध सुमारे तीन तासांत निघून जाते. ती निकामी असतील तर त्याला वीसेक तास लागतात. नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. तोच डोस अशा रुग्णाला दिला तर औषध साठत जाते आणि दोन-तीन दिवसांत माणूस बरळू लागतो, हातपाय थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसतात. घरच्यांना वाटते, विषाणू मेंदूत शिरला.

मग गोळ्या टाळून नुसते मलम का लावू नये? नागिणीपेक्षा वेगळ्या, साध्या हर्पिसने बुबुळाच्या वरच्या थरावर जखम केली असेल तर हा सल्ला रास्त आहे. मलमातले औषध रक्तात नगण्य उतरते. पण नागिणीत विषाणू मज्जातंतूतून येतो, डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंतही पोहोचू शकतो, आणि तिथे मलमाचे काही चालत नाही. भीतीपोटी गोळ्या न देणे म्हणजे डोळा पणाला लावणे. गोळ्या ७२ तासांतच सुरू करून डोस बदलावा, हेच मला योग्य वाटते: मूत्रपिंडे जवळजवळ बंद असतील तर ८०० मिलिग्रॅमची गोळी पाचऐवजी दोनदा पुरते. डायलिसिसमध्ये हे औषध धुतले जाते, म्हणून त्या दिवशीचा डोस डायलिसिसनंतर द्यायचा. मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीत ‘क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे’ या युक्तिवादावरही विसंबू नये. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. पंचाहत्तरीच्या कृश आजींच्या अंगात स्नायूच थोडे, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा निर्धोक दिसतो आणि मूत्रपिंडांची निम्मी क्षमता गेलेली असू शकते. वय आणि वजन धरून ही क्षमता काढण्याचे सूत्र १९७६पासून उपलब्ध आहे. नेत्रतज्ज्ञाने चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ते वापरावे, आणि रुग्णाने डायलिसिसची फाइल डोळ्यांच्या दवाखान्यातही सोबत न्यावी.