ईदची सुट्टी, ऋतू आणि डोंगरवाट

बासी ईदला कुठेतरी फिरायला जायचे, हा आपल्या बहुतेक घरांचा रिवाज. दोन गाड्या भरतात, डबे बांधले जातात. जागा मात्र ठरते ती मोबाइलवर आलेल्या एखाद्या फोटोवरून. तो फोटो कोणत्या महिन्यातला आहे, हे कुणी पाहत नाही. खरी अडचण इथेच आहे. दिवाळी दरवर्षी पावसाळा संपल्यावरच येते, उन्हाळी सुट्टी उन्हाळ्यातच. आपली ईद मात्र दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२३ ची रमजान ईद २२ एप्रिलला झाली, २०२५ ची ३१ मार्चला. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला असेल. २०१९ ते २०२३ या पाचही वर्षांत बकरी ईद पावसात आली. म्हणून ‘मागच्या वेळी गेलो होतो, छान जागा आहे’ हा सल्ला आपल्याला फार वर्षे पुरत नाही. वाट तीच असली तरी ऋतू बदलला की ती वेगळी होते.

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीचे उघडे किल्ले कुटुंबासाठी नाहीतच. सावली नाही, गडावरची टाकी आटलेली, आणि अकरानंतर कातळ तव्यासारखा तापतो. या दिवसांत माथेरान बरे. उंची सुमारे ८०० मीटर, दाट झाडी, आणि मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवली की तांबड्या मातीची जवळजवळ सपाट वाट बाजारापर्यंत जाते. दादी-नानीही सावकाश चालू शकतात, थकल्या तर घोडा मिळतो. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून बांधली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली, हे मुलांना जरूर सांगा. महिनाभराच्या रोजांनंतर लगेच दुसऱ्या दिवशी खडी चढण अंगावर घेण्यापेक्षा असे सावलीतले चालणे मला केव्हाही शहाणपणाचे वाटते.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते लोक अनेकांनी व्हिडिओत पाहिले असतील. असे का होते? सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. वरच्या पठारावर मोठी सर आली की ते पाणी काही मिनिटांत खाली उतरते. तुम्ही उभे आहात तिथे कदाचित पाऊसही नसतो. पाणी गढूळ झाले, त्यात काड्या-पाला दिसू लागला, आवाज वाढला, तर सामान सोडून काठावर यायचे. खरे तर वाहत्या पाण्यात मुलांना घेऊन उतरूच नये. गुडघाभर पाणीसुद्धा शेवाळलेल्या खडकावर मोठ्या माणसाचे पाय उखडते.

पावसात जायचेच तर पायऱ्यांची वाट निवडा. लोहगड तसा आहे. मळवली स्टेशनवरून भाजे गावातून वाट जाते, आणि वरच्या दरवाजांपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत. पण शनिवार-रविवारी दरवाजात गर्दी अशी अडकते की पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा. बायकांनी आणि मुलींनी कपडा घोट्याच्या वर राहील असे पाहावे. ओली, लांब किनार उतरताना पायाखाली येते. चपला नकोतच.

सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळचे कास पठार फुलते. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर, चढ नाही, फक्त आधी बुकिंग करायचे. फुले तुडवून फोटो काढणाऱ्यांच्या बाजूला उभे राहू नये, एवढेच सांगेन.

थंडी हा मोठ्या चालीचा ऋतू. हरिश्चंद्रगडाला पाचनईमार्गे गेल्यास दहा-बारा वर्षांची मुले दोन-तीन तासांत वर पोहोचतात. कोकणकड्यावर मात्र मुलांचा हात सोडू नका. साम्रद गावाजवळची सांधण दरीही याच दिवसांत करावी, कारण पावसाळ्यात तिच्या तळातून पाणी वाहते. हिवाळ्यात फसवतो तो लहान दिवस. यावर आपल्या घरात तयार उपाय आहे. भिंतीवरच्या नमाजच्या वेळापत्रकात मगरिबची वेळ असते, म्हणजे सूर्यास्ताची. तिच्या तासभर आधी पायथ्याशी असायचे, असे धरून वेळेचा हिशेब उलटा मांडा. फजरनंतर लगेच निघालात तर घाई होत नाही. वेळ धरताना घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाची धरायची, तरुण भाच्याची नव्हे.

ईद फेब्रुवारीत आली की बर्फाची वाटही आपल्या सुट्टीत बसेल. काश्मीरमधले गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर. ताज्या बर्फात साधा बूट गुडघ्यापर्यंत रुततो. तिथे स्नोशू उपयोगी पडतात. बुटाखाली बांधायची ही रुंद चौकट वजन पसरवते, त्यामुळे पाय वरच राहतो. पाय जरा फाकून टाकावे लागतात, मुलांना ते अर्ध्या तासात जमते. स्नोशू मिळतील का, हे तिथल्या गाइडला निघण्याआधीच विचारा. गरम कोट आणि बूट खाली टंगमर्गला भाड्याने मिळतात. चालायचे ते गावाभोवतीच्या सपाट कुरणात किंवा बाबा रेशींच्या जियारतीकडे उतरणाऱ्या देवदार-चीडच्या वाटेवर, तीही वाट उघडी आहे असे गावकऱ्यांनी सांगितले तरच. अफरवतच्या उघड्या उतारांवर हिमकडे कोसळतात, आणि मोठा बर्फ पडून गेल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे. नेमके तेव्हाच ऊन पडते आणि डोंगर सर्वांत सुंदर दिसतो. त्या दिवशी कुरणातच फिरा, कहवा प्या, आणि डोंगर खालूनच पाहा.