डोंगरीची जुनी इमारत

मुलांनो, मुंबईत डोंगरी भागात एक जुनी इमारत आहे. इंग्रजांच्या काळी तो तुरुंग होता. १८८२ साली टिळक आणि आगरकर येथे १०१ दिवस कैदेत होते. पुढे १९२४ साली मुंबई प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा झाला. १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था निघाली. आज या इमारतीत मुलांचे निरीक्षणगृह आहे.

‘कैदी’ आणि ‘गुन्हेगार’ हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहेत. अठरा वर्षांखालील मुलांना मात्र असे शब्द लावू नयेत, असे कायदा सांगतो. अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. पालकांना लगेच कळवावे लागते. चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात. मुलाला गृहात ठेवणे हा शेवटचा उपाय. शक्यतो त्याला घरीच पाठवायचे असते. २०१५ च्या कायद्याने मात्र सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर फार गंभीर आरोप असल्यास मोठ्यांप्रमाणे खटला चालवण्याची वाट ठेवली आहे. मला ते पटत नाही.

घाटकोपरला आमच्या वस्तीतील एका मुलाला सायकलचोरीबद्दल पकडले. (त्याचे नाव छापायला कायद्याने मनाई आहे.) त्याला घरी सोडले. मग परिवीक्षा अधिकारी येणार, असा निरोप आला. हे अधिकारी घरची परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देतात. मुलाची अम्मी घाबरली. तिने शेजारून खुर्च्या मागून आणल्या. वडिलांचे काम सुटले आहे, मुलगा दोन महिने शाळेत गेलेला नाही, हे लपवायचे तिने ठरवले.

मी म्हणालो, “आपा, हेच तर त्यांना सांगा. अडचण कळली नाही, तर ते मदत कशी करतील?”

“सर, अब्रू जाईल हो!” ती म्हणाली. पण तिने सारे सांगितले. मंडळाने मुलाला आईवडिलांच्याच हवाली ठेवले. मुलाबरोबर वडिलांनाही समुपदेशनासाठी बोलावले.

मुलगा शाळेत परतला, तेव्हा वर्गातील एकाने त्याला ‘चोर’ म्हटले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मी त्या मुलाला बाजूला घेतले. म्हटले, “कायदासुद्धा अशा मुलांची नोंद पुढे नष्ट करायला सांगतो. मग आपण का जपून ठेवायची?”

तो काही बोलला नाही. संध्याकाळी गृहपाठाची वही घेऊन तो त्याच्या घरी गेला.