बाद फेरीचे गणित

पावसाळा ओसरू लागला, की शाळांना तालुका क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. अशाच एका वर्षी आम्ही शाळेतील मुलींचा फुटबॉल संघ घेऊन अचलपूरच्या मैदानावर गेलो होतो. सकाळच्या एसटीने निघालो. साडेदहाला सामना सुरू झाला आणि साडेअकराच्या आत एका गोलाने हरून आमच्या मुली मैदानाबाहेर आल्या. जेवणाचे डबे अजून उघडलेही नव्हते. बुटाची नाडी सोडता सोडता आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, एकच मॅच राहते का?"

"हो, बाद पद्धत आहे," असे आम्ही सांगितले. उत्तर नियमाला धरून होते. तिचे समाधान त्याने झाले नाही आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. बाद पद्धत म्हणजे नेमके काय, ती काय मोजते आणि काय मोजत नाही, हे पाहायचे तर थोडे गणित करावे लागते. ते सातवी-आठवीच्या वर्गातही करता येण्याजोगे आहे. उदाहरणासाठी आपल्याच मुलखात झालेली एक मोठी स्पर्धा घेऊ या.

नेरुळ आणि फातोर्डा

सतरा वर्षांखालील मुलींची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात झाली. सोळा देशांचे संघ होते. त्यांचे चार-चारांचे चार गट पाडले होते. गटात प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी खेळला. ही साखळी पद्धत. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढे गेले आणि तेथून बाद फेरी सुरू झाली. गटातील सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाले. बाद फेरीचे आठही सामने मात्र महाराष्ट्र आणि गोवा यांच्या वाट्याला आले. उपांत्यपूर्व फेरीचे दोन सामने नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि दोन मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाले. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने फातोर्ड्याला, तर तिसऱ्या क्रमांकाचा आणि अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरुळला झाला. अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

एकूण सामने किती झाले? चार संघांच्या एका गटात ६ सामने होतात, म्हणून चार गटांत २४. बाद फेरीत ४, मग २, मग अंतिम सामना १ आणि तिसऱ्या क्रमांकासाठी १, असे ८. एकूण ३२.

प्रत्येक सामन्यात एकजण घरी

आता समजा, सोळा संघांची पहिल्यापासूनच बाद पद्धतीने स्पर्धा घेतली. तर सामने किती लागतील? मुले ८ + ४ + २ + १ अशी बेरीज करून १५ म्हणतात. याहून सोपी वाट आहे. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो. शेवटी एकच संघ उरायला हवा, म्हणजे पंधरा संघ बाद व्हायला हवेत. म्हणून सामने पंधरा. संघ अकरा असले तर सामने दहा आणि शंभर असले तर नव्याण्णव. काही संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल दिली तरी या संख्येत फरक पडत नाही.

याउलट सोळाही संघांनी एकमेकांशी खेळायचे ठरवले, तर १६ × १५ ÷ २, म्हणजे १२० सामने होतील. बाद पद्धत इतकी लोकप्रिय का आहे ते यावरून कळते. तिच्यात वेळ वाचतो, मैदान वाचते आणि पंचांचे मानधनही वाचते.

पण ही बचत कोणाच्या वाट्यातून होते? प्रत्येक सामन्यात दोन संघ खेळतात. म्हणून सोळा संघांच्या वाट्याला मिळून २ × १५ = ३० खेळ येतात. दर संघास सरासरी दोनहूनही कमी. संघ कितीही वाढवले तरी ही सरासरी दोनवर कधीच पोचत नाही. शिवाय सरासरी फसवी असते, कारण विजेता संघ चार सामने खेळतो आणि निम्मे संघ एकच सामना खेळून परततात.

सरस संघ जिंकतोच का?

"जो चांगला असेल तो जिंकेल," असे आपण मुलींना सांगतो. हे कितपत खरे आहे ते पाहू या. समजा, एखादा संघ इतका सरस आहे, की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दहापैकी सात वेळा तो जिंकेल. आठ संघांच्या बाद स्पर्धेत विजेतेपदासाठी ओळीने तीन सामने जिंकावे लागतात. त्याची संभाव्यता ०.७ × ०.७ × ०.७ = ०.३४३. म्हणजे सर्वांहून सरस असलेला हा संघ तीन स्पर्धांपैकी जवळजवळ दोन स्पर्धांत विजेता ठरत नाही! दहापैकी नऊ वेळा जिंकणारा संघ घेतला, तरी संभाव्यता ०.७२९ एवढीच येते.

वर्गात हे करून पाहता येईल. सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या घ्या आणि सातांवर फुली मारा. प्रत्येकाने न पाहता एक चिठ्ठी काढायची, परत टाकायची, मिसळायची. असे तीन वेळा. तिन्ही वेळा फुली आली तर तो 'विजेता'. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण चौदा विजेते निघावेत. कधी दहा निघतील, कधी अठरा. हा कमीअधिकपणाही मुलांना दिसू द्यावा, कारण प्रत्यक्ष स्पर्धा ही यातली एकच ओढ असते.

दुसऱ्या क्रमांकाचे गणित याहून मजेचे आहे. आता उलट समजू या, की सरस संघ नेहमी जिंकतोच. मग उपविजेता हा खरोखरच दुसऱ्या क्रमांकाचा संघ असेल का? आठ संघांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, तर सर्वोत्तम संघाच्या अर्ध्या भागात आणखी तीन जागा असतात आणि दुसऱ्या अर्ध्यात चार. दुसरा सर्वोत्तम संघ पहिल्याच्याच अर्ध्यात पडण्याची संभाव्यता ३/७ आहे. तसे झाले तर अंतिम सामन्याआधीच त्याची पहिल्याशी गाठ पडते, तो बाद होतो आणि ढाल त्याच्याहून कमी सरस संघाला मिळते. लुईस कॅरॉल या टोपणनावाने अ‍ॅलिसची गोष्ट लिहिणारे चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डला गणित शिकवीत. त्यांनी १८८३ साली टेनिस स्पर्धांतील याच अन्यायावर एक पुस्तिका लिहिली होती.

आधी साखळी आणि मग बाद फेरी घेतली, की हा दोष बराच कमी होतो. २०२२ मध्ये स्पेन आणि कोलंबिया एकाच गटात होते आणि गटातही स्पेनने कोलंबियाला १-० असेच हरवले होते. पहिल्यापासून बाद पद्धत असती तर कोलंबियाचा प्रवास त्या दिवशीच संपला असता. साखळी असल्यामुळे तो संघ सावरला, पुढे गेला आणि थेट अंतिम फेरीत पुन्हा स्पेनसमोर उभा राहिला.

अकरा मीटर आणि अर्धा सेकंद

साखळीत बरोबरी चालते, गुण वाटून दिले की झाले. बाद फेरीत बरोबरी चालत नाही, कारण कोणीतरी घरी जायलाच हवे. या स्पर्धेत जादा वेळ नव्हता. नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल तर लगेच पेनल्टी. आठपैकी तीन सामने असे सुटले आणि तिन्हींत नायजेरियाचा संघ होता. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेशी १-१ बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर तो ४-३ असा जिंकला. उपांत्य फेरीत कोलंबियाशी ०-० नंतर ५-६ असा हरला. तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीशी ३-३ नंतर ३-२ असा जिंकला. म्हणजे बाद फेरीच्या तिन्ही सामन्यांत नव्वद मिनिटांत नायजेरियाला कोणीही हरवले नाही, तरी त्याला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

पेनल्टी अडवणे इतके अवघड का? चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर ठेवतात. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. चेंडूचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर सेकंदाला सुमारे २२ मीटर होतात. म्हणजे चेंडू अर्ध्या सेकंदात गोलापाशी पोचतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. उरले ०.३ सेकंद. मधोमध उभ्या गोलरक्षक मुलीपासून खांब ३.६६ मीटर दूर असतो. हात पुरता लांबवला तरी दोनएक मीटर अंगाने सरकावे लागते. जागेवरून सुटून ०.३ सेकंदात दोन मीटर म्हणजे सरासरी वेग सेकंदाला साडेसहा मीटरहून अधिक. हे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून चेंडू सुटण्याच्या आधीच, मारणारीच्या धावण्यावरून आणि टेकलेल्या पायाच्या रोखावरून, गोलरक्षकाला दिशा ताडावी लागते. चुकले तर ती विरुद्ध बाजूला पडलेली दिसते आणि प्रेक्षक हसतात. हसू नये, हे मुलांना हा हिशेब दाखवूनच पटवता येते.

हा ०.२ सेकंद वर्गात मोजता येतो. एकाने ३० सेंटीमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायची. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेपाशी, अंगठा व बोट न टेकवता तयार ठेवायचे. पट्टी न सांगता सोडायची आणि दुसऱ्याने पकडायची. मुक्त पतनाच्या नियमाप्रमाणे पट्टी १५ सेंटीमीटर घसरली तर ०.१७ सेकंद, २० घसरली तर ०.२० आणि २५ घसरली तर ०.२३ सेकंद गेले असे समजावे.

तिच्या प्रश्नाचे उत्तर

आता पुन्हा अचलपूरच्या मैदानाकडे वळू. २०२२ च्या त्या स्पर्धेत भारताचा संघ यजमान म्हणून खेळला. भुवनेश्वरला पहिल्या सामन्यात अमेरिकेने त्याला ८-० असे हरवले. त्यानंतर मोरोक्कोविरुद्ध ०-३ आणि ब्राझीलविरुद्ध ०-५. निकाल कटू होते. पण पहिल्या दारुण पराभवानंतर तीन दिवसांनी त्या मुलींना पुन्हा मैदानात उतरता आले, आणि आणखी तीन दिवसांनी पुन्हा एकदा. जागतिक स्पर्धेतील सर्वांत कच्च्या संघालाही तीन सामने मिळाले. आमच्या तालुक्यातील मुलीला वर्षातून एक मिळतो, आणि शिकण्याची गरज तिलाच जास्त आहे.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. त्यांची पद्धत ठरवणे आपल्या हाती नाही. परंतु त्याआधी आठ शाळांनी मिळून एक दिवस आपली स्पर्धा घेणे आपल्या हाती आहे. बाद पद्धतीने आठ संघांचे सात सामने होतात. प्रत्येकी ४० मिनिटे आणि मध्ये पाच मिनिटे धरली, तर पाच तासांहून जास्त वेळ लागतो आणि चार संघ एकच सामना खेळतात.

आता दुसरी मांडणी पाहा. मैदानाचे दोन भाग करावेत, सात-सात मुलींचे संघ करावेत आणि सामना २० मिनिटांचा ठेवावा. चार-चारांचे दोन गट, एकेका भागात एकेक गट. गटाचे सहा सामने ओळीने होतील. मग दोन्ही उपांत्य सामने एकाच वेळी आणि शेवटी अंतिम सामना. सामने पंधरा होतात, पण पाळ्या आठच लागतात. त्यांची १६० मिनिटे आणि मधल्या सात विश्रांतींची ३५ मिळून सव्वातीन तास. वेळ कमी लागला आणि सर्वांत शेवटचा संघही तीन सामने, म्हणजे ६० मिनिटे खेळला. छोट्या सामन्यात योगायोगाला थोडा अधिक वाव राहतो हे खरे. पण तीन सामन्यांत तो बराचसा विरून जातो.

विजेता लवकर शोधायचा असेल तर बाद पद्धतीसारखी दुसरी पद्धत नाही. मुलींना खेळायला शिकवायचे असेल तर मात्र ती अपुरी आहे. "सर, एकच मॅच राहते का?" या प्रश्नाला आम्ही आता असे उत्तर देऊ : तालुक्याला एकच राहते, पण तिथे जाण्याआधी तीन खेळू.

वर्गात विचारण्यासाठी

१. बाद पद्धतीच्या स्पर्धेत अकरा संघ आहेत. दुसऱ्या फेरीत आठ संघ हवे असतील, तर पहिल्या फेरीत किती संघांना पुढे चाल द्यावी?

२. सोळा संघांत दुसरा सर्वोत्तम संघ पहिल्याच्याच अर्ध्यात पडण्याची संभाव्यता काय? संघ वाढवत गेल्यास ती कोणत्या संख्येकडे सरकते?

३. आठही संघांना बरोबर तीन-तीन सामने मिळतील आणि पहिल्यापासून आठव्यापर्यंत क्रमही लागेल, अशी स्पर्धा बारा सामन्यांत बसवून दाखवा. (सूचना : हरलेल्यांना घरी पाठवू नका, एकमेकांशी खेळवा.)