घरातील बाथरूमचा उजेड आणि डिमर : नियोजन कसे करावे?



आपल्या वर्धा जिल्ह्यात सध्या जुनी घरे पाडून नवीन बांधणे जोरात सुरू आहे. बाथरूमच्या टाइल्स, नळ, गिझर यांवर आपण आठ-आठ दिवस चर्चा करतो. दिव्याचा पॉइंट मात्र वायरमन ठरवतो, "इथे एक देऊन टाकू" म्हणून. टाइल्स बसल्यावर जागा चुकली हे कळते, तेव्हा भिंत फोडावी लागते. म्हणून आज बाथरूमच्या उजेडाची माहिती पाहू.

१) किती उजेड हवा?

वॅट म्हणजे वीज किती लागते ते. उजेड किती मिळतो हे लुमेन सांगते, ते बल्बच्या खोक्यावर छापलेले असते. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन उजेड पडला की तो एक लक्स.

समजा बाथरूम 5 × 7 फूट आहे. म्हणजे 35 चौरस फूट, अंदाजे 3.25 चौरस मीटर. 9 वॅटच्या एलईडीवर 810 लुमेन लिहिले असतील, तर 810 ÷ 3.25 = सुमारे 250 लक्स. भिंती बराच उजेड शोषतात, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच धरा. अंघोळीला साधारण 100 लक्स पुरतात, म्हणजे असा एक बल्ब भागवतो.

आरशासाठी मात्र वेगळा दिवा हवा. छतावरचा दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली चेहऱ्यावर पडते. आरशाच्या वर किंवा दोन्ही बाजूंना दिवा द्या.

२) रात्रीचा उजेड

अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी होते. मध्यरात्री उठलेल्या आजीच्या डोळ्यांवर एकदम पांढरा झगझगीत उजेड आला की क्षणभर काहीच दिसत नाही. त्यात फरशी ओली. लहान मुलांची तर झोपच उडते. म्हणून काही जण दिवाच लावत नाहीत, अंधारात चाचपडत जातात. पडण्याची भीती खरी इथे आहे. रात्री मंद, पिवळसर उजेड हवा.

३) मग डिमर लावायचा का?

आधी डिमर काय करतो ते समजून घेऊ. आपल्या घरातली वीज एका सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते. साधा डिमर प्रत्येक लाटेचा थोडा भाग कापतो. जुन्या तारेच्या बल्बची तार तेवढ्या वेळात थंड होत नसे, त्यामुळे तो शांतपणे मंद व्हायचा. एलईडीच्या आत वीज बदलणारे छोटे सर्किट असते. त्याला ही कापलेली लाट चालत नाही. बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

म्हणून डिमर घ्यायचाच तर :
- बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेले पाहा.
- डिमर एलईडीसाठी आहे का ते विचारा. जुन्या प्रकारच्या डिमरला किमान 40-60 वॅटचा भार लागतो, एकटा 9 वॅटचा बल्ब त्याला पुरत नाही.
- पंख्याचा रेग्युलेटर डिमर म्हणून जोडू नका. तसेच डिमरवर एक्झॉस्ट पंखा किंवा गिझर जोडू नका.

खरे सांगायचे तर आपल्या छोट्या बाथरूमला त्याहून सोपा मार्ग आहे. दोन दिवे, दोन बटणे. एक मोठा दिवा आणि दाराजवळ अर्ध्या वॅटचा पिवळसर एलईडी, आपल्या नेहमीच्या झिरोच्या बल्बसारखा. काही एलईडी बल्ब असेही मिळतात की साधे बटण बंद-चालू केले की उजेड टप्प्याटप्प्याने कमी होतो. त्यांना वेगळा डिमर लागत नाही.

४) पाणी आणि वीज

हा भाग सर्वात महत्त्वाचा. ओल्या अंगातून वीज सहज वाहते.
- बटणांचा बोर्ड आणि डिमर बाथरूमच्या दाराबाहेर ठेवा. ओला हात बटणापर्यंत पोचू नये.
- दिव्यावर 'आयपी 44' लिहिलेले असेल तर त्यावर पाण्याचे शिंतोडे चालतात. शॉवरजवळ 'आयपी 65' घ्या.
- अर्थिंग तपासून घ्या.
- मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवा. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. माणसाला शॉक देणारा प्रवाह तिच्या मानाने फारच लहान असतो. आरसीसीबी मात्र गेलेली आणि परत आलेली वीज सारखी आहे का ते पाहते. फरक दिसला की क्षणार्धात बंद करते. तिच्यावरचे 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहा.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आपले काम कागदावर नकाशा काढून पॉइंट ठरवण्याचे, तेही टाइल्सच्या आधी.

५) वर्गात काय करता येईल?

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचा, विचार देशापुढे आला. त्याच वाटेने पाचवी-सहावीच्या मुलांना घरातल्या बल्बची रिकामी खोकी आणायला सांगा. वॅट आणि लुमेन वाचू द्या. घरच्या बाथरूमची लांबी-रुंदी टेपने मोजून क्षेत्रफळ काढू द्या, मग भागाकार. बोर्डाला हात न लावता, नुसते पाहून बटण आत आहे की बाहेर हेही लिहून आणू द्या. त्या एका नोंदीवरून पालकांशी बोलता येईल, आणि कुणाच्या घरातला धोका वेळेत लक्षात येईल.