बाहुलीवरचा सराव आणि बाळाचे पहिले मिनिट



फवारणीचा नवा पंप आणला की आपण आधी साधे पाणी भरून तो चालवून बघतो. औषध नंतर. बाळंतपणाच्या कामातही असाच सराव करतात, हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

परिचारिकांना शिकवताना बाळाच्या आकाराची बाहुली घेतात. तिच्यात सुमारे दोन लिटर कोमट पाणी भरले की ती हाताला खऱ्या बाळासारखी लागते. शिकवणारी बाई नळीचा रबरी फुगा दाबते, तशी बाहुलीची छाती हलते. दाबणे थांबले की बाळ निपचित. मग घड्याळाशी शर्यत! अंग कोरडे पुसायचे, पाठ चोळायची आणि तरी श्वास आला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत नाकातोंडावर मास्क बसवून पिशवीने हवा द्यायची. आईच्या रक्तस्रावाचाही सराव असतो. शिकवणारी स्वतःच्या पोटाला नकली गर्भाशय बांधते आणि अचानक तांबडे पाणी सोडते.

गाय व्याली आणि वासरू हलेना, तर आपण त्याला गोणपाटाने चोळतो. तेवढे चोळणे बाळालाही लागू आहे. पण बाळाला उलटे टांगणे, चापट्या मारणे, गार पाणी शिंपडणे यांनी अपायच होतो. घरातल्या जुन्या बायकांना हे नीट समजावून सांगा.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी कर्नाटकात ५९९ जणांना असे शिक्षण दिले. २०१३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात मृत जन्मांचे प्रमाण शेकडा ३.० वरून २.३ वर आलेले दिसते. मेलेले म्हणून बाजूला ठेवलेले काही बाळ नुसते श्वास न घेतलेले असते, हे त्यामागचे एक कारण. जन्मानंतरच्या महिन्याभरातले मृत्यू मात्र त्यात घटले नाहीत. त्यांना ऊब, अंगावरचे दूध, जंतुसंसर्गावर वेळेत उपचार हेच लागते.

आपल्या देशात २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे शिकवतात. पण हात काही महिन्यांत विसरतो. एकदाच झालेले शिबिर म्हणजे एकदाच दिलेले पाणी. माझ्या मते दर आठवड्याला दहा मिनिटे बाहुली काढलेली बरी.

तेव्हा सून किंवा लेक तपासणीला जाईल, तेव्हा सोबत जा आणि विचारा: पिशवी-मास्क प्रसूतीच्या खोलीत हाताशी आहे का? शेवटचा सराव कधी झाला? चांगली परिचारिका रागावत नाही, उलट दाखवते. कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन करा आणि गाडीला उशीर झाला तर गावातली कोणाची जीप घ्यायची, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा.