जुन्या मोबाईलला संगणकाचे पाणी : किती मिळते, केव्हा मिळते



गाळप हंगाम सुरू झाला की शेतकऱ्याच्या खिशातला मोबाईल ही चैनीची वस्तू राहत नाही. तोड आली, टोळी उद्या फडात उतरणार, ट्रॅक्टर बांधावर येऊन थांबला, खेपेचे वजन किती भरले, बिल खात्यावर पडले, या सगळ्या वार्ता आता फोनवरच येतात. बँकेचा व्यवहार करायचा तर तो सहा आकडी ओटीपीसुद्धा त्याच फोनवर. अशा दिवसांत फोन मेला तर काय होते? मुकादम दोनदा फोन लावतो आणि पुढच्या फडाकडे वळतो. त्यात त्याची चूक नाही. पण आपली पाळी गेली ती गेली, आणि तोडीला आलेला ऊस तुरे काढून उभा राहिला तर नुकसान कुणाचे?

आपल्यातल्या पुष्कळ मंडळींकडे, विशेषतः वडीलधाऱ्यांकडे, अजून जुनेच फोन आहेत. फोन टिकतो, पण त्याचा चार्जर टिकत नाही. उंदीर वायर कुरतडतो, पिन ढिली होते, पाहुण्यारावळ्यांत हरवतो. मग पोराच्या लॅपटॉपला, सोसायटीतल्या किंवा गट कार्यालयातल्या संगणकाला वायर लावून काम भागवले जाते. कधी फोन छान चार्ज होतो, कधी तासभर लावून ठेवला तरी, "वायर तर लावली, पण काडी हलंना!" अशी तक्रार ऐकू येते. असे का होते, हे समजून घेतले तर जुना फोनही हंगामभर चालवता येतो आणि नसता धोकाही टळतो.

दाब आणि धार

संगणकाच्या अंगावर जी चपटी, आयताकृती खाच असते तिला यूएसबी म्हणतात. ती १९९६ साली निघाली, आणि ती मुळात चार्जिंगसाठी नव्हतीच. माऊस, कीबोर्ड, छपाईयंत्र अशा वस्तू एकाच प्रकारच्या वायरने संगणकाला जोडता याव्यात, एवढाच तिचा उद्देश. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहिती नेण्या-आणण्याच्या.

आता वीज आपल्या भाषेत समजून घेऊ. पाण्याच्या टाकीची उंची म्हणजे व्होल्ट, आणि पाइपातून पडणारी धार म्हणजे अँपिअर. साध्या यूएसबी खाचेत दाब ५ व्होल्टचा. मोबाईलची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की साधारण ४.२ व्होल्टवर जाते, म्हणजे दाब पुरेसा आहे. भिंतीवरचा साधा चार्जर आणि संगणक यांत दाबाचा फरक नाही. फरक आहे तो धारेत.

सात नंबरचा अर्ज

कालव्याचे पाणी घ्यायचे तर पाटबंधारे खात्याकडे सात नंबरचा अर्ज भरावा लागतो, हे कुणाला सांगायला नको. यूएसबीचेही तसेच आहे. नियमाप्रमाणे, जोडलेल्या वस्तूने न विचारता फक्त १०० मिलिअँपिअर वीज घ्यायची. जास्त हवी असेल तर माहितीच्या दोन तारांवरून संगणकाला अर्ज करायचा : मी अमुक वस्तू आहे, मला इतकी वीज लागते. संगणकाने ओळख पटवून मंजुरी दिली की ५०० मिलिअँपिअरपर्यंत धार मिळते. २००८ साली आलेल्या सुधारित यूएसबीत ही मर्यादा ९०० वर गेली. आतून निळ्या रंगाची खाच दिसली तर ती बहुधा याच प्रकारची समजावी.

भिंतीवरच्या चार्जरला मात्र अर्ज लागत नाही. त्याच्यात माहितीच्या दोन तारा आतल्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. फोन ते ओळखतो आणि बिनदिक्कत १००० ते १५०० मिलिअँपिअर ओढू लागतो. स्वतःच्या विहिरीवर कोण अर्ज मागणार?

काही संगणक एवढे काटेकोर नसतात, अर्ज न करताही देत राहतात. पण फोन स्वतः नियम पाळतो. मंजुरी मिळाली नाही असे त्याला वाटले तर तो थेंब थेंबच घेतो. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. ती वायर संगणकाला लावली की अर्जच पोचत नाही, आणि काडी हलत नाही.

जुन्या फोनच्या तऱ्हा

सगळे जुने फोन एका माळेचे मणी नाहीत. पहिली तऱ्हा जाड्या किंवा बारीक गोल पिनेच्या फोनची. नोकियाचा २००३ सालचा टॉर्चवाला ११०० आठवा. जगभरात २५ कोटींच्या वर खपलेला हा फोन जाड पिनेचा होता. त्यानंतरच्या नोकियांना बारीक पिन आली. या फोनना यूएसबीची खाच नाही, पण एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला बारीक पिन अशी वायर मिळते. ती लावली तर संगणकावरून हे फोन चार्ज होतात. जाड पिनेला मध्ये छोटा जोड लागतो.

दुसरी तऱ्हा जरा फसवी. फोनला यूएसबी खाच आहे, पण ती फक्त माहितीसाठी! नोकियाचा २००७ सालचा एन ९५ हा मोठा महाग फोन, पण त्याच्या यूएसबी खाचेतून तो चार्ज होत नसे. त्याला बारीक पिनच लागे. याउलट मोटोरोलाचा रेझर यूएसबीतूनच चार्ज होई, पण संगणकात त्या फोनचे सॉफ्टवेअर नसेल तर नकार देई. म्हणजे अर्ज भरला, पण कचेरीत तो वाचणारा कारकूनच नाही, अशी गत.

तिसरी तऱ्हा मायक्रो यूएसबीची, म्हणजे एकाच बाजूने बसणाऱ्या छोट्या चपट्या पिनेची. २००९ साली युरोपात मोठ्या कंपन्यांनी ही एकच पिन ठेवण्याचे मान्य केले आणि तेव्हापासून ती सगळीकडे झाली. २०१७ सालचा जिओफोनही याच पिनेचा. हे फोन संगणकाशी सर्वांत सुखाने नांदतात. आता नवे फोन दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या सी-पिनेचे येतात. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना तीच पिन सक्तीची झाली आहे.

हिशेब मांडू

फोनच्या बॅटरीवर एमएएच म्हणून एक आकडा छापलेला असतो. तो म्हणजे हौदाची मापं. नोकिया ११०० चा हौद ८५० चा. ५०० च्या धारेने तो भरायला दोन-अडीच तास. जिओफोनचा २००० चा, म्हणजे चार-पाच तास. आणि आजच्या मोठ्या फोनचा ५००० चा हौद भरायचा तर दहा-बारा तास! त्यातही पडदा लावून पोरगं व्हिडिओ बघत बसले, तर आत येते तेवढेच बाहेर जाते. भोक पडलेला हौद कधी भरणार?

यातून एक गोष्ट ध्यानात येते. संगणकाची धार लहान आहे, पण जुन्या बटणांच्या फोनचा हौदही लहान आहे. म्हणून संगणकावरून चार्जिंग हे नव्या फोनपेक्षा जुन्यालाच जास्त मानवते. सावकाश भरल्यामुळे बॅटरी तापतही कमी.

टेलला पाणी का पोचत नाही

कालव्याच्या शेवटाला असलेल्या शेतकऱ्याला काय मिळते ते टेलवाल्यालाच विचारा. लांब आणि बारीक वायरीचेही तेच. पाच व्होल्ट निघतात, पण वाटेत दाब गळतो, आणि फोन आपली धार आणखी कमी करतो. म्हणून वायर आखूड आणि जाड तारेची घ्यावी. एका खाचेला चार खाचा करणारा जो हब मिळतो, तोही टाळावा. त्याला स्वतःची वेगळी वीज नसेल तर एकाच चारीवर चार दारे उघडल्यासारखे होते. संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत वायर थेट लावावी.

फोन पूर्ण मेला असेल तर घाई करू नये. कोरड्या पडलेल्या बॅटरीला फोन आधी अगदी हलकी धार देतो, लागणीनंतरच्या आंबवणीसारखी. तेवढ्या वेळात पडद्यावर काहीच दिसत नाही. अर्धा तास वाट पाहावी. तरीही जाग आली नाही तर भिंतीवरच्या चार्जरवर थोडा जीव धरू द्यावा आणि मग संगणकाला लावावा. कारण काही फोन जागे असल्याशिवाय अर्ज करू शकत नाहीत.

वीज गेली तर मेजावरचा संगणक बंद, चार्जिंगही बंद. लॅपटॉप मात्र उपयोगी पडतो. त्याची बॅटरी साधारण ४० ते ५० वॉट-तासांची, आणि बटणाच्या फोनला पुरे भरायला लागतात ३-४. पण झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो आणि बहुतेक खाचा कोरड्या पडतात. खाचेजवळ विजेची खूण असेल तर ती झोपेतही देते. एवढी एक खाच हेरून ठेवा.

बॅटरी फुगली तर

जुना फोन चालवायचा तर बॅटरीकडे डोळ्यांत तेल घालून बघितले पाहिजे. काढता येणारी असेल तर काढून सपाट फरशीवर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर ती फुगली आहे. फोनचे झाकण बसेनासे होणे, हीही तीच खूण. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये, चुलीत तर मुळीच टाकू नये.

हे हलक्या मालापुरतेच आहे असे समजू नका. ऑगस्ट २००७ मध्ये खुद्द नोकियाने आपल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत जाहीर इशारा दिला होता, की त्या चार्ज होताना तापू शकतात, आणि त्या बदलून देण्याची तयारी दाखवली होती. नामांकित मालात असे होऊ शकते, तर बिननावाच्या बॅटरीची काय कथा? २०२२ च्या नियमांप्रमाणे निकामी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती उकिरड्यावर न टाकता संकलन केंद्रावर किंवा परत घेणाऱ्या दुकानात द्यावी.

आपल्या फडांत राबणाऱ्या तोडणी कामगार बंधू-भगिनींनाही हे सांगितले पाहिजे. गावी ठेवलेली लेकरे आणि म्हातारी माणसे यांची खुशाली त्यांना फोनवरच कळते. कोपीत वीज नसते. दिवसभर कोयता चालवून आलेला माणूस, "साहेब, जरा फोन लावून ठेवता का?" म्हणत गट कार्यालयात येतो, त्याला नाही म्हणू नये. फक्त चार्ज होणारा फोन वाढ्यांवर, पाचटावर किंवा अंथरुणात ठेवू नका, हे त्याला समजावून द्यावे.

काट्याच्या संगणकाला हात नको

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. यूएसबीच्या वायरीतून वीज जाते तशी माहितीही जाते. फोन लावला की संगणकाच्या दृष्टीने तो एक छोटी तिजोरीच असते. तिच्यातून विषाणू येऊ शकतो आणि तुमची माहिती तिकडे जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तिच्यात सार्वजनिक ठिकाणच्या चार्जिंगमधून होणाऱ्या माहितीच्या चोरीचाही उल्लेख आहे. म्हणून अनोळखी संगणकाला फोन लावू नये. ओळखीच्या संगणकाला लावतानाही फोनने विचारले तर "फक्त चार्जिंग" हेच निवडावे.

आणि वजनकाट्याच्या संगणकाला तर कुणीच, अगदी कर्मचाऱ्यानेही, फोन लावू नये. आधुनिक फोन जोडला की तो संगणक इंटरनेटला जोडला जाऊ शकतो. तुमच्या घामाच्या उसाचे वजन त्या यंत्रात नोंदले जाते. तिथे संशयाला जागाच उरता कामा नये. काट्यावरचा विश्वास ही आपल्या सहकाराची मोळी बांधणारी दोरी आहे. दहा मिनिटांच्या चार्जिंगसाठी ती सैल करायची का?

थोडक्यात लक्षात ठेवा

१) आखूड, जाड आणि माहितीच्या तारा असलेली वायर वापरा.

२) मागच्या खाचेत थेट लावा, हब नको.

३) चार्जिंग चालू असताना संगणक झोपू देऊ नका.

४) मेलेल्या फोनला अर्धा तास द्या.

५) कार्यालयाचे अर्थिंग तपासून घ्या. संगणकाच्या पत्र्याला मुंग्या येत असतील तर फोन लावू नका, आणि ओल्या हातांनी वायर धरू नका.

६) फोन उन्हात चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी लगेच बाजूला काढा.

७) नवा चार्जर घेताना बीआयएसची नोंदणी खूण बघून घ्या. संगणक हा आधार आहे, कायमचा चार्जर नव्हे.

उसाची खोडवी आपण जपतो, कारण नीट निगा राखली तर तेही चांगला उतारा देते. जुन्या फोनचेही तसेच आहे. तेव्हा सर्व सभासदांनी आज रात्रीच घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन हातात घेऊन त्याची पिन कोणती, वायर कशी आणि बॅटरी सपाट आहे का, एवढे पाहून घ्यावे, ही विनंती. म्हणजे तोडीचा निरोप येईल तेव्हा फोन जागा असेल.